पोलर कॅपची सीमा नेमकी कुठे धरायची? एम.एस्सी. प्रकल्पासाठी सल्ला हवा

गोदातरंग | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने यंदा प्रकल्पाला नेहमीच्या थिन फिल्म सोडून ध्रुवांवरचं वरचं वातावरण घेतलंय. मला त्याचा फार आनंद झालाय, पण हा माझा रोजचा विषय नाही, म्हणून इथे विचारतेय.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या बहुतेक रेषा एका गोलार्धातून निघतात आणि दुसऱ्या गोलार्धात परत येतात. या बंद रेषा. दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या रेषा मात्र परत येत नाहीत. त्या सौरवाऱ्याबरोबर येणाऱ्या सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राला जोडलेल्या असतात. या उघड्या रेषा, आणि त्यांचा प्रदेश म्हणजे पोलर कॅप. तिच्या बाहेरच्या अंगाला ऑरोराचं, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचं, कडं असतं. कॅपची कड स्थिर नसते, तासाभरातही काही अंश सरकते.

अडचण अशी की ही कड थेट कोणालाच दिसत नाही. कोणी उपग्रहावर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून ती ठरवतं, कोणी अतिनील छायाचित्रांवरून, कोणी लाल प्रकाशावरून, कोणी रडारवरून, कोणी विद्युतप्रवाहांवरून. एकाच वेळेची उत्तरं जुळत नाहीत. मग खरी कोणती धरायची? विद्यार्थ्याच्या मनात मे २०२४ चं मोठं चुंबकीय वादळ घ्यायचं आहे. हाताशी एक लॅपटॉप, इंटरनेट आणि एक सत्र एवढंच आहे.

जाणकारांनी सांगावं, आणि ज्यांना विषय नवा आहे त्यांनीही बिनधास्त विचारावं.

मिसळप्रेमी | १०:३१

सीमा कुठे धरायची हे शीर्षक बघून मोजणीचा धागा समजून शेजाऱ्याच्या बांधाची पूर्ण कहाणी लिहायला घेतली होती :) वाचतोय. पण ताई, आमच्यासारख्यांना जरा इस्कटून सांगा. कड सरकते म्हणजे नक्की काय होतं? कोण सरकवतं तिला?

सायली_डेटा | ११:०५

@मिसळप्रेमी, नाशिककराला हे गंगापूर धरणावरून सगळ्यात पटकन कळेल. पोलर कॅप म्हणजे उघड्या रेषांचा साठा. दिवसाच्या बाजूला, जिथे सौरवारा पृथ्वीच्या क्षेत्रावर आदळतो, तिथे सूर्याचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर बंद रेषा तुटून त्याला जोडल्या जातात. ही आवक. त्या रेषा सौरवाऱ्याबरोबर मागे ओढल्या जातात आणि रात्रीच्या बाजूला, लांब शेपटीत, दोन-दोन पुन्हा एकमेकींना जोडल्या जाऊन बंद होतात. हा विसर्ग. आवक जास्त असेल तर साठा वाढतो, कॅप फुगते, ऑरोराचं कडं विषुववृत्ताच्या दिशेने खाली येतं. विसर्ग वाढला की कॅप आकसते. रेषा तुटून जोडल्या जाण्याची ही कल्पना जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडली. कॅप फुगण्या-आकसण्याचं आजचं चित्र काउली आणि लॉकवुड यांनी १९९२ मध्ये नीट बांधलं.

म्हणून कड शोधणं हा नुसता नकाशाचा प्रश्न नाही. कड कळली की साठा कळतो, साठ्यातला बदल कळला की आवक आणि विसर्ग यांतला फरक कळतो. वादळात पृथ्वीभोवती किती ऊर्जा शिरली, याचा हिशेब इथून सुरू होतो.

@गोदातरंग, मी पीएच.डी.ला डीएमएसपी या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या नोंदींवर काम केलंय. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

मिसळप्रेमी | ११:१२

आता डोक्यात शिरलं. धन्यवाद सायलीताई. वाचनखूण साठवली.

थेट_प्रश्न | ११:४८

विरोधासाठी विरोध करत नाही, पण एक मनापासून विचारतो. नाशिकचं चुंबकीय अक्षांश जेमतेम दहा-अकरा अंश. आपल्या डोक्यावर विषुववृत्तीय आयनोस्फिअर, म्हणजे वरच्या वातावरणाचा आयनित थर, आहे, त्यावर भारतात दशकानुदशकं उत्तम काम चाललंय. मुलाने ते सोडून ध्रुवावर का जावं? ज्या आकाशाचा आपल्याला अनुभव नाही त्याच्या नोंदी लॅपटॉपवर बघून काय समज येणार? मार्गदर्शक म्हणून ताईंनी त्याला घरच्या आकाशाकडे वळवावं असं माझं मत.

अंजनेरी | दुपारी १२:२०

सहमत नाही. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानलेहून, आपल्याच देशातून, क्षितिजावरचा लाल ऑरोरा कॅमेऱ्यात पकडला गेला. ध्रुवावरचं वादळ त्या रात्री आपल्या दारापर्यंत आलं होतं.

त्या वेळी आमच्या ग्रुपवर खूप जणांनी विचारलं, 'अंजनेरीवरून दिसेल का?' मी हिशेब केला होता. लाल प्रकाश समजा ४०० किमी उंचीवर आहे, तर तो क्षितिजाला टेकलेला दिसायलासुद्धा आपल्यापासून साधारण २० अंश अक्षांशाच्या आत हवा. नाशिक २० अंश उत्तर, म्हणजे प्रकाश ४० अंशांपर्यंत खाली यायला हवा. हानले जवळपास ३३ अंशांवर आहे, त्यांना ५२-५३ अंशांवरचा प्रकाशही क्षितिजाला सापडतो. शिवाय तिथे हवा कोरडी, उंची ४,००० मीटरच्या पुढे आणि अंधार राखीव. आपल्याकडे मे महिन्यात क्षितिजाजवळचे दहा अंश धुळीतच जातात.

थेट_प्रश्न | १२:३४

माझा मुद्दा दिसण्याचा नव्हता, अभ्यास कशाचा करावा याचा होता. पण हिशेब आवडला.

चुंबकसुई | १:५५

@थेट_प्रश्न, तुमचा प्रश्न मी तरुणपणी वरिष्ठांना विचारला होता. उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणं सुरू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये कॅरिंग्टन वादळ आलं तेव्हा कुलाब्याला क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. ती नोंद आज जगभर वापरली जाते, कारण कमी अक्षांशावरची इतकी चांगली नोंद दुसरीकडे नाही. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या म्हणून काम अलिबागला हलवलं, १९०४ पासून. ट्रामच्या प्रवाहाने सुई हलली असती.

आता ध्रुवाचा संबंध. दिवसाच्या बाजूने आवक एकदम वाढली की पोलर कॅपवरचं विद्युतक्षेत्र वाढतं, आणि त्याचा काही भाग जवळपास त्याच क्षणी विषुववृत्तापर्यंत पोचतो. बाकीच्या यंत्रणेला त्याला झाकायला वेळ लागतो, तेवढ्यात हे क्षेत्र आपल्या डोक्यावरच्या आयनोस्फिअरला दिवसा वर उचलतं. वरून आयन उत्तर-दक्षिणेला घसरतात आणि गुजरात-मध्य प्रदेशावर इलेक्ट्रॉनांची दाटी वाढते. जीपीएसचे संकेत त्यातूनच येतात. म्हणजे घरच्या आकाशाचा अभ्यास करणाऱ्यालाही वादळाच्या दिवशी ध्रुवावरची कड बघावीच लागते. पोराला अडवू नका.

आणि अनुभवाचं म्हणाल, तर भारतीय लोक तिथे आहेत. मी अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळावर हिवाळा काढलाय. मैत्री आणि तिथलाच आपला दुसरा तळ भारती, दोन्ही जवळपास ७० अंश दक्षिणेला, पण चुंबकीय हिशेबात मैत्री सुमारे ६३ अंशांवर आणि भारती सुमारे ७५ अंशांवर. त्यामुळे मैत्रीहून ऑरोरा बहुधा दक्षिणेच्या क्षितिजाकडे दिसतो आणि वादळात डोक्यावर येतो. भारती मात्र दिवसाच्या फेऱ्यात कधी कडेच्या आत असते, कधी बाहेर. कड शोधायची तर भारतीसारखी जागा नाही.

पंचवटीकर | २:१०

काका, अंटार्क्टिकात हिवाळा! वेगळा धागा काढा हो. निदान मॅग्नेटोमीटर कुठे ठेवता ते तरी सांगा.

चुंबकसुई | २:४१

तळापासून लांब, एका छोट्या लाकडी खोलीत. खिळा-स्क्रू काहीच लोखंडाचं नाही, सगळं पितळी. आत जाण्याआधी किल्ल्या, चाकू, पट्ट्याचं बक्कल, घड्याळ सगळं दूर ठेवायचं. स्नो-स्कूटर जवळ आणली तर आलेखावर तिचा फुगवटा स्पष्ट दिसतो. वादळाच्या रात्री त्याच आलेखावर रेघ शेकडो नॅनोटेस्ला खाली जाते, आणि बाहेर येऊन मान वर केली की कारण समोर असतं. हिरवा पडदा उत्तरेकडे सरकत येतो आणि खालच्या कडेला गुलाबी झाक असते. वाऱ्याने उभं राहवत नाही तरी आत जावंसं वाटत नाही.

रेडिओवाला_सातपूर | ४:१५

हॅम रेडिओवाल्यांची बाजू. नाशिकहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी बोलायचं तर जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो. सूर्यावरून प्रोटॉनांचा लोंढा आला की तो मार्ग दिवसेंदिवस मेलेला असतो, बाकी बँड चालू असला तरी. यालाच पोलर कॅप शोषण म्हणतात. प्रोटॉन ५० ते ९० किमी उंचीपर्यंत घुसून तिथली हवा आयनित करतात आणि एचएफ (शॉर्टवेव्ह) लहरी तिथेच गिळल्या जातात. ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांनाही हे सांभाळावं लागतं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर ध्रुवावरून गेलं होतं.

तर मग शोषण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तीच कड धरली तर? स्वस्तात काम होईल.

सायली_डेटा | ६:५०

@रेडिओवाला, कल्पना चांगली, पण नावातलं साम्य सोडलं तर ती कड वेगळी. शोषण घडवणारे प्रोटॉन कोट्यवधी इलेक्ट्रॉनव्होल्टचे. इतक्या ऊर्जेचा कण बंद रेषांच्या प्रदेशातही बराच आत घुसतो, म्हणून शोषणाचा प्रदेश उघड्या रेषांच्या कडेच्या पुष्कळ खाली उतरतो. विमानांसाठी तीच कड महत्त्वाची, आपल्या साठ्याच्या हिशेबाला ती चालणार नाही.

आता @गोदातरंग, मूळ प्रश्न.

डीएमएसपी उपग्रह साधारण ८४० किमीवरून जवळपास ध्रुवावरून जातात, एक फेरी शंभरेक मिनिटांची. त्यांवरचं कण मोजणारं उपकरण आकाशाकडे तोंड करून असतं आणि दर सेकंदाला ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट ते ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचं संपूर्ण वर्णपट देतं. सेकंदाला साडेसात किमी वेग धरला तर कडेची जागा आठेक किमीपर्यंत अचूक मिळू शकते. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत हे शक्य नाही.

खूण काय? ऑरोराच्या कड्यात हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन भरपूर पडत असतात. ध्रुवाकडे जाताना एका जागी ते अचानक तुटतात. त्याच्या पुढे राहतो तो 'पोलर रेन', शेकडो इलेक्ट्रॉनव्होल्टचा एकसारखा, विरळ वर्षाव. हे इलेक्ट्रॉन थेट सौरवाऱ्यातले असतात, म्हणजे ते जिथे पडतात ती रेषा उघडी असलीच पाहिजे. न्यूएल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये रात्रीच्या बाजूच्या अशा खुणांना क्रमांक दिले. बी५ म्हणजे मुख्य कड्याचा ध्रुवाकडचा काठ, बी६ म्हणजे त्यापलीकडच्या फिकट वर्षावाचा काठ. विद्यार्थ्याने हा निबंध आधी वाचावा.

त्रुटी एकच, पण मोठी. एक उपग्रह एका फेरीत एका ध्रुवावरची कड फक्त दोन ठिकाणी ओलांडतो, आत जाताना आणि बाहेर पडताना. बाकी सगळा घेर तुम्ही अंदाजाने काढणार.

खगोल_निवृत्त | ७:२२

म्हणूनच छायाचित्र हवं. संपूर्ण कडं एका दृष्टिक्षेपात! नासाच्या इमेज उपग्रहाने २००० ते २००५ अशी हजारो अतिनील छायाचित्रं घेतली. माझ्या मते वेगळी पद्धत लागतच नाही. प्रकाशाचा ध्रुवाकडचा काठ आखा, झालं काम.

रेडिओवाला_सातपूर | ७:३०

इमेजचं नाव आलं म्हणून राहवत नाही! डिसेंबर २००५ मध्ये तो उपग्रह गप्प झाला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातले हौशी निरीक्षक स्कॉट टिली दुसराच एक उपग्रह शोधत होते आणि त्यांना इमेजचा संकेत सापडला. बारा वर्षांनी. नंतर नासाने खातरजमा केली. घरच्या अँटेनावर हे घडलंय, आमच्या छंदाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नको.

मिसळप्रेमी | ७:३३

रेडिओकाका, अंगावर काटा आला.

सायली_डेटा | ८:४०

@खगोल_निवृत्त काका, छायाचित्राचं मोल मी मान्य करते, पण 'काठ आखा, झालं' याला माझा ठाम विरोध आहे. कॅमेऱ्याला एका ठरावीक तेजाखालचं दिसत नाही. काठाजवळचे इलेक्ट्रॉन मंद असतील तर प्रकाश आधी संपतो आणि बंद रेषा त्याच्या पुढेही असतात. शिवाय प्रकाशित बाजूला दिवसाची चमक चित्रात मिसळते. त्याच वेळच्या डीएमएसपी नोंदींशी ताडून बघितलं तर एखाद-दोन अंशांचे फरक निघतात, आणि ते फरक स्थानिक वेळेप्रमाणे बदलतात.

एका अंशाने काय बिघडतं? हिशेब मांडते.

कॅप गोल धरा, त्रिज्या १५ अंश. क्षेत्रफळ येतं सुमारे ८७ लाख चौरस किमी, भारताच्या अडीचपटीहून जास्त. तिथलं क्षेत्र सुमारे ५५ मायक्रोटेस्ला धरलं तर एकूण चुंबकीय फ्लक्स, म्हणजे आपला साठा, ०.४८ गिगावेबर. आता त्रिज्या १६ अंश करा. क्षेत्रफळ जवळजवळ १२ लाख चौरस किमीने वाढतं, फ्लक्स साडेसहा कोटी वेबरने. हा बदल २० मिनिटांत झाला असं तुमच्या आलेखाने सांगितलं, तर फॅरेडेच्या नियमाने आवक आणि विसर्ग यांतला फरक सुमारे ५४ किलोव्होल्ट. शांत दिवशी संपूर्ण पोलर कॅपवर असतो तेवढ्याच तोडीचा हा आकडा आहे! एका अंशाची गफलत म्हणजे एक आख्खं, न घडलेलं छोटं वादळ कागदावर उभं राहणं.

थेट_प्रश्न | ८:५८

थांबा, इथे एक शंका. चूक कायम एकाच दिशेने, एक अंशाचीच असेल तर? फरक काढताना ती वजा होऊन जाईल. साठा चुकेल, पण बदलाचा दर साधारण बरोबरच येईल.

सायली_डेटा | ९:०६

अगदी बरोबर, आणि धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. कायमची चूक दराला फारशी धक्का लावत नाही. घात होतो तो पद्धती मिसळल्या की. पहिल्या तासाला छायाचित्र, ते नसलं की रडार, मग मध्ये एक उपग्रहाची नोंद, अशी कड शिवली तर प्रत्येक जोडावर खोटी उडी येते. आणि ती उडी खऱ्या उडीसारखीच दिसते.

थेट_प्रश्न | ९:१०

मग प्रकल्पाचा विषय सापडला की. 'कड कुठे आहे' हे सोडा, 'दोन पद्धतींमधला फरक किती आणि कोणत्या वेळी' हे मोजा. मी सकाळी विरोध केला होता, पण या स्वरूपात मुलाने हे जरूर करावं.

द्राक्षबाग | ९:२५

दिंडोरी तालुक्यातून. समजेल तेवढं वाचतोय, धागा छान चाललाय. गेल्या हंगामात ड्रोनने फवारणी करणाऱ्या पोराने सकाळी 'सॅटेलाइट मिळत नाही' म्हणून काम थांबवलं होतं. ते या वादळांमुळे का?

चुंबकसुई | ९:४४

@द्राक्षबाग दादा, सकाळच्या वेळी ती शक्यता कमी. आपल्या भागात आयनोस्फिअरमुळे जीपीएस खऱ्या अर्थाने बिघडतं ते सूर्य मावळल्यानंतरच्या काही तासांत, जास्त करून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आणि सूर्य सक्रिय असेल त्या वर्षांत. सकाळी संकेत गेला तर आधी आजूबाजूची झाडं, विजेच्या तारा, शेडनेटचे खांब आणि ड्रोनचा अँटेना बघायला सांगा. मोठ्या वादळाच्या दिवशी मात्र होतं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहावर चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ओळी चुकल्या होत्या.

द्राक्षबाग | ९:५१

आभारी आहे काका. अँटेनाच बघायला सांगतो.

अंजनेरी | १०:१५

लाल प्रकाशाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. अणुरूप ऑक्सिजनचा ६३०.० नॅनोमीटरचा प्रकाश साधारण २०० किमीच्या वरून येतो आणि मंद इलेक्ट्रॉनही तो निर्माण करतात. त्यामुळे ५५७.७ च्या हिरव्यापेक्षा लाल प्रकाश कडेच्या जास्त जवळ पोचतो. हिवाळ्यात आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर, जिथे आपलं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे, भर दुपारीही अंधार असतो, म्हणून दिवसाच्या बाजूची कडसुद्धा जमिनीवरून बघता येते. जगात अशा जागा थोड्याच.

अडचण अशी की उत्तेजित अणू लाल प्रकाश सोडायला जवळपास दोन मिनिटं घेतो. तेवढ्यात तो वाहत पुढे जातो, काठ पुसट होतो. त्यात प्रकाशाची उंची गृहीत धरून अक्षांश काढायचं, म्हणजे उंची चुकली की अक्षांशही चुकलं.

पंचवटीकर | १०:२८

रडार आणि विद्युतप्रवाह राहिले. तेही उरका म्हणजे झोपतो.

सायली_डेटा | १०:५२

थोडक्यात. आयनोस्फिअरवर रोखलेल्या सुपरडार्न रडारांना कॅपच्या आतून येणारा प्रतिध्वनी विस्कळीत मिळतो, त्याच्या वर्णपटाची रुंदी एकदम वाढते. रात्रीच्या पहिल्या भागात ही खूण चांगली जुळते, पहाटेच्या बाजूला फसवते. प्रवाहांचं म्हणाल तर इरिडियमच्या ६६ दळणवळण उपग्रहांवरच्या मॅग्नेटोमीटरांमधून संपूर्ण ध्रुवाभोवतीचे प्रवाह दर दहा मिनिटांच्या अंतराने काढता येतात. घेर पूर्ण मिळतो, हे फार मोठं. पण दोन प्रवाहपट्ट्यांमधली जी रेषा त्यातून स्वच्छ निघते ती खऱ्या कडेच्या काही अंश खाली असते, तिला आधी डीएमएसपीशी ताडून दुरुस्ती द्यावी लागते.

खगोल_निवृत्त | रविवार, सकाळी ७:४०

सायली, तुझा हिशेब मी रात्री कागदावर करून बघितला, आकडे जुळले. तरी एक विचारतो. १९८१ च्या डायनॅमिक्स एक्सप्लोरर उपग्रहाने थीटा ऑरोरा दाखवला होता, कॅपच्या मधोमध आरपार जाणारा प्रकाशाचा पट्टा. तुझे कण तिथेही जोरात पडत असणार. मग तिथे कड किती वेळा ओलांडली म्हणायची?

सायली_डेटा | ९:१५

काका, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सूर्याचं क्षेत्र उत्तरेकडे वळलेलं असताना असे पट्टे येतात. त्यांतले निदान काही बंद रेषांवर असतात असं मानायला चांगला आधार आहे, कारण इलेक्ट्रॉनांसोबत तिथे शेपटीतल्यासारखे गरम आयनही मिळतात. म्हणजे कॅप मधोमध दुभंगलेली असते आणि एकच गोल कड ही कल्पनाच तेवढ्या वेळापुरती लागू नसते. अशा दिवशी माझ्या प्रोग्रामने सांगितलेली कड मी वापरत नाही. सत्राच्या प्रकल्पात हे दिवस वगळावेत, आणि वगळले हे अहवालात लिहावं.

गोदातरंग | ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री विद्यार्थ्याला हा धागा वाचायला दिला, तो आता इथे सदस्य झालाय. आम्ही असं ठरवतोय: मे २०२४ चं वादळ सध्या बाजूला. २००० ते २००२ मधले उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्याचे दिवस घ्यायचे, म्हणजे इमेजची छायाचित्रं आणि डीएमएसपीचे एफ१३, एफ१४, एफ१५ एकाच वेळी मिळतील आणि दिवसाची चमक कमीत कमी राहील. प्रत्येक ओलांडणीला छायाचित्रातला काठ आणि कणांचा काठ यांतला फरक काढायचा आणि चुंबकीय स्थानिक वेळेप्रमाणे, म्हणजे चुंबकीय ध्रुवाभोवती सूर्याच्या दिशेवरून मोजलेल्या वेळेप्रमाणे, मांडायचा. @थेट_प्रश्न, हा आकार तुमच्यामुळे आला.

थेट_प्रश्न | ११:४२

छान. फरकाची नुसती सरासरी देऊ नका, पसाराही द्या. सरासरी शून्य आणि पसारा तीन अंश असला तर त्या पद्धतीचा उपयोग नाही.

चुंबकसुई | दुपारी १२:०५

आणि छायाचित्रातल्या अक्षांश-रेखांशावर आंधळा विश्वास नको. उपग्रहाचा रोख किंचित हलला की सगळं कडं सरकतं. चित्रात एखादा ओळखीचा तारा सापडला तर रोख पडताळता येतो.

पार्थ_एमएस्सी | संध्याकाळी ५:२०

सर्वांना नमस्कार, तो विद्यार्थी मीच. दुपारी डीएमएसपीची पहिली फेरी उघडली. आलेखात आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर ऊर्जा आणि रंगात तीव्रता. उपग्रह संध्याकाळच्या बाजूने आत शिरतोय. लाल-पिवळा जाड पट्टा आहे, तो एका जागी कापल्यासारखा संपतो. मग काही सेकंद जवळजवळ काहीच नाही. मग पुन्हा एक अरुंद, उभा पट्टा, हजारेक इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाणारा. त्यानंतर खालच्या ऊर्जेचा निळा, एकसारखा थर, तो थेट ध्रुवापर्यंत. कड पहिल्या तुटीला धरू की अरुंद पट्ट्याच्या पलीकडे?

खगोल_निवृत्त | ५:३४

शाब्बास! मी तरी पहिल्या तुटीला धरीन.

सायली_डेटा | ६:०२

पार्थ, ठरवायच्या आधी त्याच आलेखाच्या खालच्या भागात आयन बघ. अरुंद पट्ट्याच्या वेळी हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचे आयन सलग दिसत असतील तर तो पट्टा अजून बंद रेषांवर आहे, कड त्याच्या पलीकडे. आयन पहिल्या तुटीलाच संपले असतील तर पट्ट्याबद्दल ठामपणे बोलता येणार नाही. त्यात एक जपायचं: पोलर रेन दिसला तर रेषा उघडी हे नक्की, पण तो दिसला नाही म्हणून रेषा बंद असं होत नाही. मधले ते रिकामे सेकंद म्हणून कुठल्याच बाजूला मोजू नकोस.

गोदातरंग ताईंचा पहिला प्रश्न होता खरी कोणती धरायची. माझं उत्तर असं की कणांची धरा, कारण तो एकच साक्षीदार त्या रेषेवर प्रत्यक्ष उभा असतो. मात्र फक्त त्या जागेपुरती आणि त्या सेकंदापुरती. बाकी सगळ्या पद्धती त्याच्याशी ताडून वापरा.

आणि तासभर आधी सूर्याचं क्षेत्र कुठल्या दिशेला होतं तेही काढ, सौरवारा मोजणाऱ्या एसीई उपग्रहाच्या नोंदी आहेत. उत्तरेकडे असेल तर ही फेरी वगळ.

पार्थ_एमएस्सी | ६:४८

ताई, आयन बघितले. अरुंद पट्ट्याखाली ते आहेत, पण फिकट, आणि पहिल्या तुटीनंतर मध्ये खंड आहे. क्षेत्र दक्षिणेकडेच होतं, त्यामुळे फेरी ठेवतो. बी५ आणि बी६ अशा दोन्ही जागा वेगळ्या रकान्यांत नोंदवू का?

सायली_डेटा | ६:५५

हो, दोन्ही नोंदव. आणि तिसरा रकाना ठेव, 'किती खात्री'. पन्नासेक फेऱ्या झाल्या की तोच रकाना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.